शांतवनची साक्ष

शरणपूरच्या ख्रिस्ती देवळात पेटी वाजवावी ती शांतवन तोरण्यानंच, असं मंडळी म्हणायची. दिवसा प्रेसमधली नोकरी, संध्याकाळी गायनाचा सराव. अठ्ठ्याहत्तर सालच्या, ईस्टरआधीच्या उपवासकाळात तर त्याला घरी टेकायला सवड नव्हती. त्याच गडबडीत त्यानं द्राक्षांचं एक रिकामं खोकं अंगणात फोडलं आणि फळ्या खिळ्यांसकट तशाच टाकून दिल्या. दुसऱ्या दिवशी त्याची बायको सुलाबाई गंजक्या खिळ्यावर पाय देऊन बसली.

"अहो, सुई घ्यावी का?" तिनं विचारलं.

"हळद दाब. सरावाला पोरं खोळंबलीत," म्हणत त्यानं सायकलवर टांग मारली.

आठवड्यानं तिची दातखिळी बसली.

धनुर्वात. सरकारी दवाखान्यात तिला वेगळ्या खोलीत ठेवलं. खिडक्यांना काळे कागद लावले, कारण उजेड पडला, भांडं वाजलं, कुणी नुसता हात लावला तरी तिचं अंग धनुष्यासारखं वाकायचं. गादीला टाचा आणि डोकं तेवढं टेकायचं. शांतवन कोपऱ्यात स्टुलावर बसून राही. ज्याच्या आवाजामागं अख्खी मंडळी गायची, त्याला तिथं खोकायचीही चोरी होती.

सुरुवातीला तो देवाकडे तिच्या जिवासाठी मागत होता. खिळा माझा, सुईही मीच चुकवली, शिक्षा मला दे, असं मनातल्या मनात घोकत होता. मग एका दुपारी झटक्यांमागून झटके आले. जरा ओसरले तेव्हा सुलाबाईच्या ओठांच्या कडेनं रक्त ओघळत होतं; जीभ दातांखाली आली होती. शांतवनचा धीरच सुटला. पलंगाशी गुडघे टेकून तो पुटपुटला, "प्रभू, पुरे आता. ने तिला. आजच ने."

त्यानंतर त्याला हायसं वाटलं. व्हरांड्यात जाऊन त्यानं चहा घेतला, बिस्कीट बुडवून खाल्लं. मनानं त्यानं तिला मातीही देऊन टाकली होती.

पण सुलाबाई गेली नाही. झटके हळूहळू कमी होत गेले. एके सकाळी जबडा बोटभर उघडला आणि तिनं पाणी मागितलं. सिस्टर खूश होऊन शांतवनला म्हणाली, "खमक्या आहेत हो बाई! या आजारात शुद्ध जात नाही. सगळं कळतं, सगळं ऐकू येतं, फक्त हूं म्हणता येत नाही."

"सगळं?" शांतवननं पुन्हा विचारलं.

ती घरी आल्यावर पाळकसाहेब भेटायला आले. "शांतवन, तुझ्या मागण्याचं उत्तर मिळालं. देवळात उभा राहून देवाच्या या कृपेची साक्ष दे." सुलाबाई भिंतीला टेकून बसली होती. रविवारी शांतवन देवळात गेला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. प्रभुभोजनाचा रविवार उजाडला तेव्हा त्यानं डोकं दुखत असल्याचं सांगितलं.

"किती रविवार दुखणार आहे?" तांदूळ निवडता निवडता सुलाबाईनं विचारलं.

तो कपाळ चोळत राहिला.

"मी ऐकलं होतं," ती म्हणाली. "'आजच ने' म्हणालात."

त्यानं तोंड झाकून घेतलं. "सुला, तुझे हाल बघवत नव्हते गं."

"माझी सुटका व्हावी म्हणून मागितलंत, की तुम्हाला बघायला लागू नये म्हणून?"

खोटं बोलावं असं त्याला फार वाटलं. "दोन्ही," तो म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, "जास्त माझ्यासाठीच."

ती सुपातले खडे वेचत राहिली. "असा राग आला होता! तोंड उघडत असतं तर तिथंच भांडले असते. मग पडल्या पडल्या देवाला म्हटलं, बापा, या माणसाचं ऐकू नकोस."

शांतवनला हसावं की रडावं कळेना. "अजून आहे राग?"

"आहे. जाईल तेव्हा जाईल. पण माझं निमित्त करून देऊळ सोडू नका. एकटीनं जायचं माझ्या जिवावर येतं." तिनं सूप बाजूला ठेवलं. "उठा. मी लुगडं बदलते."

ती त्याच्या खांद्याचा आधार घेत, थांबत थांबत देवळात पोचली. पाळकसाहेबांनी दोघांना पाहिलं आणि उपासनेत त्याला साक्षीला उभं केलं.

"मी हिच्या मरणासाठी प्रार्थना केली होती," शांतवन म्हणाला. "ही इथं बसलीय. देवानं माझं ऐकलं नाही, हिचं ऐकलं. याहून जास्त मला सांगता येत नाही."

आमेन म्हणावं की नाही, कुणालाच उमजेना. मागच्या बाकावर कुजबुज झाली. शांतवन खाली बसला. मन मोकळं होईल असं त्याला वाटलं होतं, ते काही झालं नाही. प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट समोर आलं तेव्हा त्याचा हात पुढे होईना. सुलाबाईनं त्याला कोपरानं ढोसलं.

त्यानं मान खाली घालून तुकडा उचलला. तो गिळताना त्याला बराच वेळ लागला.