चेर्स्त्वी बर्फ

चार देशांच्या राष्ट्रीय स्केटिंग स्पर्धा आमच्याकडे एकत्रच होतात. त्यामुळे रिंक एकच लागते आणि भांडायला माणसं चौपट मिळतात. चेक, स्लोव्हाक, पोलिश, हंगेरियन मुली एकाच बर्फावर खेळतात, मग प्रत्येक देश आपापल्या मुलींची वेगळी यादी लावतो. एकूण अकरावी आलेली मुलगीसुद्धा स्वतःच्या देशात पहिली ठरू शकते. यंदा यजमान आम्ही चेक. बर्फ घासून वर पाणी सोडणारी गाडी वीस वर्षं मीच चालवतो.

पोलंडच्या दोघीच होत्या. सोळा वर्षांची धाकटी आधीच खेळून बसली होती. दुसरी यागोदा, सव्वीस वर्षांची. तिची ही शेवटची संधी, गुडघ्याने तसं सांगूनच टाकलं होतं. जिंकली तर युरोपच्या स्पर्धेला, नाहीतर घरी.

पाय तापवून ती तयार उभी होती. निवेदक चहाला गेलेला. मी आपला हौसेने माईक घेतला आणि म्हणालो, "बर्फ एकदम चेर्स्त्वी आहे!"

आमच्यात चेर्स्त्वी म्हणजे ताजं. पोलंडमध्ये हाच शब्द शिळ्या पावाला लावतात.

पोलिश संघाचे प्रमुख ब्रोनिस्वाव साहेब ताडकन उठले. "शिळा बर्फ? आमच्या मुलीला? आणि वर तोंड करून सांगताय?"

"अहो साहेब, शिळा नाही हो, चेर्स्त्वी!"

"बघा, पुन्हा म्हणाला!"

चार देशांची बैठक बसली. स्लोव्हाक बाईंना दोन्ही बाजू कळत होत्या, म्हणून त्यांना कुणी बोलूच दिलं नाही. हंगेरियन गृहस्थांना एक अक्षर कळत नव्हतं, म्हणून त्यांना अध्यक्ष केलं.

"काका, उतरू का मी? पाय गार पडताहेत," यागोदा कठड्याशी येऊन म्हणाली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पन्नास मिनिटांनी एकमताने ठराव झाला: बर्फ उत्तम आहे, चौकशी चालू राहील.

यागोदा पहिल्याच उडीत पडली. तिसऱ्या उडीत पुन्हा. धाकटी पोलंडची विजेती ठरली.

"बघितलंत? मी म्हणत नव्हतो?" ब्रोनिस्वाव साहेबांचा चेहरा फुलला होता. "यागोदा, पुढच्या वर्षी बर्फ आपल्या माणसांकडूनच करवून घेऊ!"

"घ्या की, साहेब," बुटांच्या नाड्या सोडत ती म्हणाली. "फक्त त्यावर उभं राहायला दुसरी कुणीतरी बघा."