मोडक्या दांड्याचा बेलचा

कॅप्टन सोमेश्वरने पाकिटातून कापडी बिल्ला काढला आणि अंगदच्या हातात ठेवला. लाल कापडावर पांढऱ्या दोऱ्याने भरलेला बेलचा, म्हणजे खंदक खणायचं फावडं. त्याचा दांडा मधेच मोडलेला. पलटणीतला प्रत्येक जवान आज हे चिन्ह खांद्यावर वागवत होता.

"नव्या पोरांना पहिली गोष्ट हीच सांगतात, हवालदारसाहेब," सोमेश्वर म्हणाला. "बेलचा म्हणजे पाय रोवून राहणं. लाल म्हणजे सांडलेलं रक्त. मोडका दांडा म्हणजे हत्यार मोडलं तरी लढत राहणं. पलटणीचा इतिहास छापतोय आम्ही. त्याआधी तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

निवृत्त होऊन अंगदला आष्टीत परतून सतरा वर्षं झाली होती. त्याची बायको सोनूबाई दाराशी तुरीच्या शेंगा सोलत होती. तिनेही या बिल्ल्यामागची लढाई फक्त सत्काराच्या भाषणांतून ऐकली होती. गोळ्या संपल्या, शत्रू चौकीवर चढला, अंगदने त्याला फावड्याने संपवलं.

"भाषणात सांगत्यात तसं न्हाई झालं," अंगद म्हणाला.

सोमेश्वरने वही उघडली.

"सकाळी तोफेचा गोळा पडला. बंकर आमच्यावरच बसला. माझा जोडीदार भिवा, जाफराबादचा. त्याचं मुंडकं माझ्या मांडीपाशी आल्तं, धड न्हाई. मी छातीपर्यंत गाडला गेल्तो. वर मारामारी चालू. संगिनी, दगड, हाताला लागंल ते. एक जण आतडी धरून आईला हाका मारून राह्यल्ता. मंग तोबी गप झाला. आन् कुणीतरी मला उकरायला लागलं."

"आपला जवान?"

"मला तसंच वाटलं. फावडं आमचंच व्हतं त्याच्या हातात. दोघंबी मातीनं भरल्यालो, कपडे वळखू येईनात. त्याची दोन बोटं तुटल्ती, तरी उकरतच व्हता. बखोटीला धरून त्यानं मला वर वढलं. मंग तळव्यानं माझा खांदा पुसला. बिल्ला बघायला."

अंगदचा हात नकळत आपल्या खांद्यावर गेला.

"तवा आपल्या बिल्ल्यावर दोन तलवारी व्हत्या. त्यानं त्या बघितल्या. मी त्याचं तोंड बघितलं. तो पलीकडचा व्हता."

शेंगा सोलायचा आवाज थांबला.

"त्याने वार केला?" सोमेश्वरने विचारलं.

"न्हाई. फावडं बाजूला टाकलं आन् तिथंच बसला. बिलकुल दमल्ता. मी फावडं उचललं. पहिला घाव मानंवर बसला. दुसऱ्याला त्यानं हात आडवा घातला, तर मनगट लोंबकळलं. तिसऱ्याला दांडा मोडला. मंग नुसतं पातं धरून हाणत राह्यलो. माझे तळवे कापले, तरी थांबलो न्हाई. खालून आलेल्या तुकडीनं चौकी वाचवली. कर्नलसाहेबांनी माझ्या हातातलं पातं बघितलं आन् पाठ थोपटली. तिथून हा बिल्ला."

सोमेश्वरचं पेन केव्हाच थांबलं होतं. "कुणाला सांगितलं नाही?"

"कुणी विचारलं न्हाई. समद्यांना गोष्ट आधीच ठाव व्हती."

"हे मी लिहू का?"

"बराबर लिहा, साहेब. त्याचं नाव तेवढं ठाव न्हाई."

सोमेश्वरने वहीकडे पाहिलं. लिहिलं मात्र काही नाही.

सोनूबाईने पदराला हात पुसले. तिचा आवाज नेहमीसारखाच होता.

"लगेच गेला का त्यो?"

"न्हाई. येळ लागला."

"मंग पानी तरी पाजलं का त्याला?"

अंगदने हातातला बिल्ला खाली ठेवला.

"त्याच्याच कमरंला बाटली व्हती," तो म्हणाला. "काढून मी पेलो."