आधी गूळ, मग पाणी

सुभद्रेच्या पोस्टकार्डाला सोपानरावांनी उत्तर दिलेलं नाही, हे फक्त त्यांच्या बायकोला, शालनबाईंना, माहीत होतं. चैत्र लागला, रांजण धुवायला काढला, आणि त्यांनी विषय काढलाच.

"कोकणातल्या बाईला लिवलं का?"

"लिवतो."

"गेल्या पावसाळ्यापासनं लिवताय. एवढ्या येळात अख्खी पोथी लिवून झाली असती."

सोपानराव रांजणात हात घालून तळ घासत राहिले. ते मुळातच कमी बोलणारे. चिखलीत त्यांना 'पोथीवाले' म्हणत. हातात पुस्तक असलं की समोरच्याशी बोलावं लागत नाही, हा वाचनाचा मोठाच फायदा त्यांना लहानपणी सापडला होता आणि तो त्यांनी जन्मभर घेतला.

त्यांचे वडील उन्हाळ्यात मुंबई-पुणे रस्त्यावर, पिंपरीजवळच्या निंबाखाली पाणपोई चालवायचे. त्यांच्यामागे ती सोपानरावांकडे आली. पुढे तिथल्या माळावर कारखाना उभा राहू लागला. ठेकेदाराने निंब तोडला नाही आणि त्याखालच्या माणसालाही हलवलं नाही. "म्हातारबा, कामगारांचं पाणी तुमीच सांभाळा," एवढंच तो म्हणाला. तेव्हापासून सोपानराव पवनेचं पाणी भरून घेत, रांजणांना ओली फडकी गुंडाळत आणि वडिलांचा नियम पाळत. उन्हातून आलेल्याला आधी सावलीत बसवायचं. मग गुळाचा खडा. अंग निवलं की मग पाणी. तापल्या अंगावर गार पाणी पडलं तर माणूस दगावतो, असं वडील सांगत, आणि पंचक्रोशीत त्यावर कुणाचं दुमत नव्हतं.

गेल्या वर्षीचा, छप्पन सालचा उन्हाळा वैऱ्यासारखा आला. माळावर पत्र्याच्या शेडी उभ्या राहत होत्या, आणि कामाला चारी मुलखांतली माणसं होती. प्रत्येकजण आपापल्या गावचा उन्हाळा सोबत घेऊन आल्यासारखा वागे. गावचे गडी मुंडाशात कांदा ठेवत. वर्ध्याकडचे दौलतराव गवंडी डोक्याला, कानांना दुपट्टा असा गुंडाळत की नुसते डोळे दिसत. ते तांबडं फुटायच्या आत कामाला लागत आणि ऊन डोक्यावर आलं की थापी खाली ठेवत. मुकादम ओरडला तर म्हणत, "आमच्याकडं या टायमाले कुत्रंबी घराबाहेर निघत नाही जी. मी तं माणूस हाये."

आणि संगमेश्वराकडचा धाकू उघड्या डोक्याने पत्रे ठोकत असे.

"काहून रे धाकू, कानाले फडकं बांध ना. ऊन कानातून शिरते."

"तुमचा ऊन लय गरीब ओ, दौलतराव," धाकू वरून हसून म्हणायचा. "आमच्याकडं वैशाखात सदरा अंगावरनं सोलून काढावा लागतो. हितं बघा, पाठ कोरडी. घामच नाय येत. ह्याला काय ऊन म्हणायचा?"

"येते रे बाबू. इथलं ऊन चोर हाये. घाम दिसाच्या आत पिऊन टाकते."

"मग कांदा तरी कशाला घालवता डोक्यात? द्या हिकडं, भाकरीसंगती खातो," धाकू गावच्या गड्यांना म्हणाला.

सगळे हसले. सोपानरावही पोथीआड हसले होते. हा पोरगेला माणूस त्यांना आवडायचा. इतरांसारखा तो त्यांना 'म्हातारबा' म्हणत नसे; 'दादा' म्हणे, आणि पाणी पिऊन झाल्यावर रांजणातून पाणी काढायचं ओगराळं उपडं घालून ठेवी.

त्या दुपारी दौलतराव भिंतीच्या सावलीला आडवे झाले होते. धाकू शिडी उतरला तो एका हाताने शिडी चाचपत. निंबाखाली येऊन म्हणाला, "दादा, पाणी."

"टेक की जरा. उन्हातनं आलायस, लगीच पाणी न्हाई."

सोपानरावांनी डब्यातून गुळाचा खडा काढून त्याच्या तळव्यावर ठेवला. धाकू खोडाला टेकून बसला. गूळ तोंडात टाकला नाही, तसाच धरून राहिला.

"पाणी द्या ओ."

"देतो की. अंग निवू दे. आदी गूळ खा."

"बरं," धाकू म्हणाला.

हा शब्द त्याने अगदी शहाण्या मुलासारखा उच्चारला होता. सोपानरावांनी तेव्हा त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही. कुणाच्या तोंडाकडे नीट पाहायची त्यांना सवयच नव्हती. त्यांनी पोथीचं पान उलटलं, ते वाचलं, आणि आता पुरे झालं असं वाटून ओगराळं रांजणात बुडवलं. वळून पाहतात तो धाकूचा हात उघडा पडलेला. गूळ मातीत गेलेला, आणि त्याला मुंगी लागलेली.

त्यांनी त्याच्या कपाळाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. चुलीवरच्या रिकाम्या तव्यासारखं कपाळ. ओल नावाला नाही. माणसाचं जिवंत अंग इतकं कोरडं, इतकं तापलेलं असू शकतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. दौलतरावांना हाक मारली. त्यांनी ओगराळं त्याच्या तोंडाला लावलं. पाणी एका बाजूने आत गेलं, तसं दुसऱ्या बाजूने ओघळून सदऱ्यावर आलं.

दौलतराव धावत आले. त्यांनी अख्खी घागर त्याच्या डोक्यावर रिती केली. ट्रकमध्ये घालून धाकूला चिंचवडला नेलं. डॉक्टरांनी डोळ्यांच्या पापण्या उघडून पाहिल्या आणि सोडून दिल्या.

"आल्या आल्या पाणी का पाजलं नाहीत? अंग ओलं का केलं नाही?"

"आल्याबरोबर पडला जी," दौलतराव म्हणाले. त्यांना तसंच वाटत होतं.

डॉक्टरांनी हात पुसले. "तसं केलं असतं तरी वाचला असता असं नाही सांगता येत. कदाचित."

सोपानराव मागे उभे होते. तो 'कदाचित' त्यांच्याबरोबर चिखलीला आला आणि घरातच राहिला.

पुढे त्यांनी गावात दोन-चार जाणत्यांना आडून विचारलं. उन्हातून आलेल्याला पाणी द्यावं का? सगळ्यांनी एकच सांगितलं, लगेच कधीच देऊ नये. कोंडाजी पाटील तर म्हणाले, "तुमच्या वडलांनीच शिकवलं की आमाला." कुणी दोष दिला असता तर बरं झालं असतं. इथे दोष द्यायलाही कुणी शिल्लक नव्हतं. सोपानराव रात्री गुळाच्या डब्याकडे बघत आणि त्यांना कळेनासं होई की वडिलांच्या त्या हातांत, ज्यांना अख्खा रस्ता दुवा देत असे, हे मरण होतं तरी कसं.

पावसाळ्यात कार्ड आलं. अक्षर गावच्या मास्तरांचं, शब्द धाकूच्या बायकोचे. पाणी देणारे दादा भले आहेत असं हे सांगायचे, म्हणून तुम्हाला लिहिते. यांना शेवटी पाणी मिळालं का, तेवढं कळवा. इथं लोक म्हणतात तहानेनं गेले. कळेपर्यंत मी पाणी पिताना पहिला घोट भुईवर टाकते. त्यांच्या आधी माझ्या घशाखाली उतरत नाही. कळावे, सुभद्रा.

"पिऊन गेले म्हणून लिवा," शालनबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या. "त्या बाईचा जीव थंड व्हईल. असल्या खोट्याचं पाप न्हाई लागत."

सोपानरावांनी तसं लिहायला घेतलंही होतं. 'पाणी' या शब्दापर्यंत टाक चालला. पुढे चालेना. खरं लिहावं तर एका विधवेच्या पदरात आपण काय टाकतो आहोत? आणि ते तिच्यासाठी लिहायचं, की आपलं ओझं उतरावं म्हणून? पोथ्यांत या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. कार्ड पोथीतच राहिलं.

यंदा रांजण पुन्हा निंबाखाली बसले. पहिल्याच कडक दुपारी साताऱ्याकडचा ज्योतीराम हमाल पाठीवरचं पोतं टाकून आला.

"पाणी द्या, बाबा."

सोपानरावांचा हात आपोआप डब्याकडे गेला. झाकण उघडलं, आणि हात तसाच थांबला. या खेपेला त्यांनी मान वर करून ज्योतीरामच्या तोंडाकडे पाहिलं. मग ओगराळं भरून पुढे केलं.

"आन् गूळ? का कंपनीनं गूळबी बंद केला?"

"आदी पाणी पी. गूळ मागनं."

"असलं उलटं काम कुटं बगितलं न्हाई," ज्योतीराम म्हणाला आणि घटाघटा प्यायला. पहिला घोट घशाखाली जाताना त्याच्या गळ्याची घाटी वर-खाली झाली. सोपानराव त्या घाटीकडेच बघत राहिले. तिकडे संगमेश्वराकडच्या एका गावात पावसाळा, हिवाळा, सगळा काळ एक बाई पहिला घोट भुईला देत बसली आहे. आपण लिहीपर्यंत.

"आनखी घे," ते म्हणाले. ज्योतीरामने घेतलं. जाताना तो भिंतीकडे ओरडला, "ओ दौलतराव, म्हातारबा बिगडलं बगा. आदी पाणी देत्यात."

"मंग बरंच बिगडले," दुपट्ट्यातून दौलतराव म्हणाले.

त्या संध्याकाळी, उजेड होता तोवर, सोपानरावांनी उंबऱ्यात बसून कार्ड लिहिलं. शालनबाई तांदूळ निवडत होत्या.

"काय लिवलं?"

त्यांनी वाचून दाखवलं. "'धाकूनं पाणी मागितलं. दोनदा मागितलं. आमच्याकडच्या रीतीप्रमाणं मी थांब म्हणालो, गूळ दिला. तो बरं म्हणाला. मग मी पाणी तोंडात घातलं, ते आत गेलं नाही. रीत चुकीची होती की मी, हे मला सांगता येत नाही. तुम्ही यापुढं पाणी पुरतं प्या. पहिला घोट इथं मी टाकत जाईन.'"

शालनबाईंनी खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाल्या, "पत्ता नीट लिवा. कोकणात एका नावाची धा गावं असत्यात."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ते तांब्या घेऊन पिंपरी स्टेशनाजवळच्या टपालपेटीपर्यंत चालत गेले. पेटीचं लोखंड इतकं तापलं होतं की झाकण धोतराच्या सोग्याने उचलावं लागलं. कार्ड आत पडलं. पेटी रिकामी असावी. तळाशी पडल्याचा आवाज झाला.

सोपानरावांनी तांब्या तोंडाजवळ नेला, थांबले, आणि पहिला घोट रस्त्यावर ओतला. धुळीत रुपयाएवढा काळा डाग उमटला. ते बघत असतानाच तो कडेने आटू लागला, आणि तांब्या पुन्हा ओठांपर्यंत नेईतो तिथे काही सांडलं होतं असं कुणी म्हटलं नसतं.