कागद म्हणतो जास्त

"थायरॉईड जास्त झालाय तुमचा," असं कागद बघून डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आणि माझी रोजची गोळी निम्म्यावर आणली. मला हसावं की रडावं कळेना. सलूनमध्ये पंखा बंद करून, स्वेटर चढवून मी बायकांचे केस कापते. तोंड सुजलंय. परवा तर कात्री हातात धरून उभ्या उभ्या डुलकी लागली आणि एका बाईंच्या कपाळावरची बट तिरकी कापली गेली. ही सगळी थायरॉईड कमी पडल्याची लक्षणं, इतक्या वर्षांच्या दुखण्यात मला पाठ झालीत. पण कागद म्हणतो जास्त, म्हणजे जास्त.

निम्म्या गोळीवर माझे पार बारा वाजले. जुनी गिऱ्हाइकं समोरच्या सलूनमध्ये जायला लागली. नवरा म्हणाला, तुझ्या मनाचे खेळ आहेत, रिपोर्ट काय खोटं बोलेल का? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पुन्हा दवाखाना गाठला, तर बाईंनी जुने रिपोर्ट मागितले. कुठून आणू? आधीचे डॉक्टर दवाखाना बंद करून गेलेले. लॅबमधून रिपोर्ट आणायचा आणि त्यांच्या काउंटरवर देऊन मोकळं व्हायचं, हीच माझी पद्धत. घरात एक चिटोरा नाही.

लॅबवाल्यांनी मला या खिडकीवरून त्या खिडकीवर नाचवलं. जुनं मिळत नाही, मशीन बदललं, साहेब जेवायला गेलेत. मी बाकावर ठाण मांडलं. शेवटी माझं तोंड बघून कंटाळलेल्या माणसाने मागच्या तीन वर्षांचे कागद छापून दिले.

बाईंनी ते तारखेप्रमाणे टेबलावर मांडले आणि पहिल्यांदाच मला नीट समजावलं. टीएसएच म्हणजे मेंदूने गळ्यातल्या ग्रंथीला मारलेली हाक. ग्रंथी ढिली पडली की हाक मोठी होते, आकडा वर जातो. माझा आकडा एकाच गोळीवर तिन्ही वर्षं जागच्या जागी होता आणि या खेपेला एकदम तळाला गेला होता, म्हणजे कागदावर थायरॉईड जास्त.

"मधे नवीन काय सुरू केलंत?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही."

"केसांच्या गोळ्या," सोबत आलेला नवरा मधेच म्हणाला.

"ते औषध कुठंय? त्या तर मी गिऱ्हाइकांना विकते, त्यातलीच एक रोज मीही घेते."

बाईंनी कपाळाला हात लावला. त्या गोळ्यांत बायोटिन नावाचं जीवनसत्त्व असतं, त्याने अंगात काही बिघडत नाही, पण रक्ताची तपासणीच फसते. शिवाय त्यांतलं लोह थायरॉईडची गोळी अंगी लागू देत नाही, म्हणून पूर्ण गोळीवरही मला थंडी वाजत होती. काही दिवस गोळ्या बंद करून पुन्हा रक्त द्यायचं ठरलं. घरी आल्यावर मी सलूनच्या कपाटातल्या सगळ्या बाटल्या खाली उतरवल्या. थायरॉईड असलेल्या किती जणींना त्या विकल्या, ते आठवताना मला घाम फुटला. एकेकीला फोन लावून सांगत बसले.

नवा रिपोर्ट आला. आकडा चांगलाच वर, म्हणजे थायरॉईड कमीच. बाईंनी माझी जुनी गोळी पुन्हा सुरू केली. निघताना काउंटरवरच्या मुलीने रिपोर्टसाठी हात पुढे केला, फायलीला लावायचाय म्हणाली.

"झेरॉक्स काढून घ्या," मी म्हटलं, आणि कागद सोडला नाही.

"अगं, दे ना, त्यांच्याकडे नीट राहील," नवरा म्हणाला.

"माझं अंग ओरडून सांगत होतं तेव्हा तू कागदावर विश्वास ठेवलास," मी म्हटलं. "आता तो कागद माझ्याजवळच राहणार."