गोदाबाईच्या धुऱ्यावरचा डबा

पक्षीवेड्यांच्या मोबाइल-गटावर टाकलेल्या फोटोखाली तनवीरनं गावाचं नाव लिहिलं नव्हतं. तेवढी अक्कल त्याला वीस वर्षांत आली होती. लग्नसराईत मूर्तिजापुरातल्या नवरा-नवरीला कॅमेऱ्यासमोर हसवायचं आणि उरलेले दिवस पाखरांपायी झिजवायचे, हा त्याचा धर्मच म्हणा ना. गोदाबाईच्या सोयाबीनमध्ये तणमोराची मादी अंड्यांवर बसलेली दिसली, तेव्हा मात्र तो हुरळला. हा पक्षी आता बोटांवर मोजण्याइतका उरलाय. फोटोत मागे शकुंतला रेल्वेच्या रुळाजवळचा वाकडा सिग्नल आला होता, आणि तो सिग्नल इथलं शेंबडं पोरही ओळखतं.

सकाळी कळलं, की अकोल्याहून आणि अमरावतीहून कॅमेरेवाले निघालेत. त्यानं फोटो पुसला, पण आता काय उपयोग? माणसांचा गराडा पडला तर मादी अंडी सोडून जाणार होती. 'कोणाले सांगजो नको' एवढंच गोदाबाईनं बजावलं होतं, आणि तेवढंही त्याला जमलं नव्हतं.

तो शेतावर पोचला तेव्हा कॅमेरेवाले नाकाला रुमाल लावून गाड्या परत फिरवत होते. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, काठी रोवलेली, तिला लाल चिंधी आणि औषधाचा डबा टांगलेला. शेत फवारलंय, आत येऊ नका, अशी ती खूण. माणसं टळली खरी, पण पिल्लं निघाली तर विषारी किडे खाऊन मरणार होती.

गोदाबाई निंबाखाली बसली होती. त्यानं मान खाली घालून विचारलं, "फवारलं काय, माय?"

"डबा मांगच्या सालचा हाय," ती म्हणाली. "थे अंड्यावर बसली असताना मी औषध मारीन काय, येड्या?"

गाड्या दिसताच माणसं पळवायला तिनं तो रिकामाच टांगला होता. तनवीरला रडू आवरेना. त्यानं तिचे पाय धरले, तर तिनं शिदोरीतली अर्धी भाकर त्याच्या हातावर ठेवली.

पुढं अळ्यांनी सोयाबीनच्या पानांची चाळणी केली, तरी गोदाबाईनं पंप पाठीला लावला नाही. पंधराव्या दिवशी मादीमागे तीन पिल्लं तुरुतुरु निघाली. तनवीरनं ती डोळे भरून पाहिली. कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही.

त्याच्या दुकानात तणमोराचा फोटो शोधून सापडणार नाही. नटलेल्या नवरा-नवरींच्या फोटोंच्या मधोमध गोदाबाईचा फोटो आहे, हातात रिकामा डबा घेतलेला.