कागदोपत्री वाघीण

आईशप्पथ सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. म्हणजे बराचसा. मधे काही वेळ मला भिजत घातलं होतं, त्यामुळे तेवढं ऐकीव आहे.

मी एक चादर बोलतेय. पिवळी, त्यावर काळे पट्टे. चादर हे आपलं घरातलं नाव. सरकारी नाव, वाघीण क्रमांक सात.

हसू नका. फाइल आहे.

माझा जन्म कारखान्यातला. माझ्यावर पट्टे छापताना यंत्राला उचकी लागली आणि पट्टे वाकडेतिकडे पडले. बाकीच्या बहिणी सरळ वळणाच्या निघाल्या, मोठ्या दुकानांत गेल्या. मी गेले खराब मालाच्या ढिगात. तिथून मला एका वनरक्षकाच्या बायकोने उचललं.

"हिच्याकडे बघून डोळे दुखतात गं," वनरक्षक म्हणाला.

"मग मिटून घ्या. चादरच आहे ती," बायको म्हणाली.

त्यांची चौकी दोन खोल्यांची, जंगलाच्या ऐन मध्यावर. म्हणजे आधी मध्यावर होती. मग जंगल आटत गेलं, आणि चौकी जागची न हलता काठावर आली. शेवटी जंगलाचा एक पट्टा तेवढा उरला, आणि त्यातूनच रस्ता न्यायचं ठरलं. ऑफिसचं म्हणणं सरळ होतं. इथे वाघ आहे असा एक फोटो दाखवा, रस्ता वळवतो. शुक्रवारपर्यंत नाही मिळाला तर झाडं तोडायला घेतो.

वाघीण होती. वनरक्षकाने तिचे ठसे पाहिले होते, झाडावरचे ओरखडे पाहिले होते. एकदा तर तिनेच त्याला पाहिलं होतं. पण फोटोचं काही ती मनावर घेईना. चौकीजवळच्या झाडाला कॅमेरा बांधला होता, समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा. त्यात डुकरं आली, साळिंदर आलं. पाहणीला आलेले साहेबही आले, आडोशाला उभे, पाठमोरे. वाघीण मात्र रोज कॅमेऱ्याच्या मागून जायची.

गुरुवारी सकाळी बायकोने मला धुऊन दोरीवर टाकलं. वारा सुटला, मग चिमटा सुटला, मग मी सुटले. जाऊन पडले ते कॅमेऱ्यासमोरच्या झुडपावर, आणि मनसोक्त फडफडले. अकरा फोटो. वनरक्षकाने आशा सोडलीच होती. संध्याकाळी कॅमेऱ्यातलं कार्ड काढलं आणि न बघताच ऑफिसात देऊन आला.

वाघाचे पट्टे म्हणे माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे असतात, एकासारखा दुसरा नाही. माझ्यासारखी तरी दुसरी कुठे होती? उचकीची कृपा! कॉम्प्युटरने लगेच निर्वाळा दिला. नवी मादी. वय अंदाजे चार वर्षं. शरीरयष्टी सडपातळ. चालीत चपळाई.

रस्ता वळला. वनरक्षकाने फोटो पाहिले आणि तो धावत ऑफिसात गेला.

"साहेब, ती आमची चादर आहे हो!"

"होती. आता सरकारची आहे."

"पण साहेब, हे खोटं—"

"माझी सही झालीये. तुला जंगल पाहिजे का चादर?"

तो घरी आला. बायको म्हणाली, "आणि मी थंडीत काय पांघरू? वाघीण?"

"अगं, तीच तर पांघरत होतीस इतके दिवस!"

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. इथे पांघरूण पाहून सरकारने हात आखडला. तेव्हापासून दर वर्षी वाघांच्या गणतीला मला झुडपावर घालतात, वनरक्षक मागून एक कोपरा हलवतो, आणि जंगल वर्षभर टिकतं. मला धुवायला बंदी आहे. वास येतो, पण वाघिणीला येतोच.

मग गेल्या गणतीला खरी वाघीण आली. कॅमेऱ्यासमोर बसली, जांभई दिली, कूस बदलून दुसरी बाजूही दाखवली. इतकी वर्षं नखरे केल्यावर! वनरक्षकाच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, सुटलो, आता खोटं बोलायला नको. फोटो घेऊन तो स्वतः ऑफिसात गेला.

कॉम्प्युटर म्हणाला, क्रमांक सातशी पट्टे जुळत नाहीत.

साहेबांनी फोटो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. मग दार लावून घेतलं आणि हळूच म्हणाले, "अरे, एक चादर सांभाळून घेतली मी. दर वेळी नवीन आणशील तर कसं व्हायचं?"

"साहेब, ही खरी आहे."

"मागच्या वेळी तू म्हणालास ती खोटी आहे. तेव्हा तरी ऐकलं का मी तुझं?"

झालं. खरीची नोंद नाही. नोंद माझी, आणि मी आता विटलेय. ताज्या अहवालात लिहिलंय: वाघीण क्रमांक सात वृद्ध, रंग फिका, पिल्लं नाहीत. एकट्या म्हातारीसाठी एवढं जंगल अडवून ठेवायचं का? सोमवारच्या गणतीत पिल्लं दिसली नाहीत तर मला बेशुद्ध करून पिंजऱ्यात नेणार, आणि रस्ता पुन्हा सरळ होणार.

मला बेशुद्ध करायला त्यांना फार त्रास पडणार नाही. पण पलीकडच्या ओढ्याकाठी ती खरी आहे ना, तिला तीन पिल्लं झाली आहेत. आईचीच नोंद नाही म्हटल्यावर तिच्या लेकरांना कोण विचारतो? जंगल गेलं की ती चौघं जाणार कुठे? त्यांना काही कुणी घडी घालून कपाटात ठेवणार नाही.

तेव्हा आता उठू नका. इतका वेळ काय फुकट ऐकत बसला होतात? तुमच्या न्हाणीघरात मला पिवळा टॉवेल दिसतोय, काळ्या पट्ट्यांचा. लहान आहे, चांगला केसाळ आहे, पट्टेही जरा वाकडेच आहेत. काढा तो. अजून दोन शेजाऱ्यांकडून मागून आणा.

आणि धुऊन देऊ नका. पिल्लं आहेत ती.