मोठ्या माणसाची खुर्ची

शाळेच्या रोबोटच्या गटात माझ्या भाचीला घेतलं ते माझ्यामुळे, आणि हीच गोष्ट तिला फार लागली होती.

शाळा सुटल्यावर कार्यशाळा उघडी ठेवायची तर एक मोठं माणूस तिथे बसलेलं हवं, असा नियम. मुलांच्या आईवडिलांना कामातून सवड नव्हती. सरांनी कुलूप लावायचं ठरवलं तेव्हा ठमी, म्हणजे माझी भाची, पुढे झाली. जागा भरल्या म्हणून तिला आधी परत पाठवलं होतं. ती म्हणाली, तुमच्याकडे मोठं माणूस नाही, माझ्या घरी मावशी आहे. गटाचा कप्तान वरच्या वर्गातला उंच मुलगा. त्याने डोकं खाजवलं आणि सौदा पटला. मला ते घरी आल्यावर कळलं.

मी जाऊ लागले. खिडकीपाशी खुर्चीत बसायचं, कुणाचं बोट कापलं तर पट्टी लावायची, निघताना दिवे बंद करायचे. रोबोटातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. माझा रोजचा जपाचा नेम तिथेच होई. ड्रिल सुरू झालं की नाम जरा ठासून घ्यावं लागे, एवढंच.

ठमीच्या वाट्याला मात्र केर काढणं नि चेंडू गोळा करणं. वायरी जोडणारी मुलगी एकदा म्हणाली, "मावशीवर ठमी फुकट." सगळे हसले. ठमीही हसली, पण घरी येताना ती माझ्या चार पावलं पुढे चालली.

रोबोटचा हात चेंडू उचलायचा, पण अर्ध्या वाटेत सोडायचा. सगळे त्याला कंटाळले होते, म्हणून ते काम तिच्या गळ्यात मारलं. तिने ते हसत घेतलं. आमच्या जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचे पंजे पसरले आणि आम्ही मांडीवर ताट घेऊन जेवू लागलो. नवा सांधा करायचा, तो बिघडला की पुन्हा पहिल्यापासून. मी म्हटलं, दमलीस तर ठेव बाजूला. ती म्हणाली, दमायला अजून काही झालंच नाही.

अशात कप्तानाच्या वडिलांच्या कामाच्या वेळा बदलल्या. कारखान्यात यंत्रं दुरुस्त करणारा माणूस, आता संध्याकाळी मोकळा. सर मला अदबीने म्हणाले, तुम्हाला आता तसदी नको. आणि कप्तानाने ठमीला सगळ्यांदेखत सांगितलं, की स्पर्धेला जाणाऱ्यांत एकच जागा उरली आहे; शनिवारी हात चालला तर ती तुझी, नाहीतर दुसऱ्याची.

मी तरी येत राहू का, असं मी तिला वाटेत विचारलं.

"ये. पण माझ्या वतीने एक शब्दही बोलायचा नाही."

मी कबूल केलं. देवापुढे घेतलेला नेम नव्हता, पण मी तो तसाच मानला.

शुक्रवारी कप्तानाचे वडील आले. मोकळ्या स्वभावाचे, हसतमुख. ठमीने केलेला रोबोटचा हात उलटासुलटा करून म्हणाले, कल्पना झकास आहे, सांधा तेवढा ढिला आहे. मग त्यांनी पाना उचलला. मुलं आधी त्यांना सामान देत होती, मग नुसतीच भोवती उभी राहिली. बघता बघता त्यांनी सांधा खोलला, आत स्प्रिंग घातली, वर स्वतःची पट्टी ठोकली. चेंडू एका झटक्यात वर गेला. टाळ्या पडल्या.

"झालं तुझं काम," कप्तान ठमीला म्हणाला. "जागा पक्की."

ठमीने टाळ्या वाजवल्या नव्हत्या. ती खाली वाकून सांधा बघत होती.

"काका, स्प्रिंग या बाजूने का लावली?"

ते नंतर सांगतो, म्हणाले ते, आधी रोबोटची चाकं बघू.

"परीक्षक मला विचारतील. मला सांगता येणार नाही." तिने हात पुढे केला. "पाना द्या ना, काका."

कप्तान हलक्या आवाजात म्हणाला, "वेडी आहेस का? उद्या चालला नाही तर तू नाहीस."

"माहीत आहे."

माझ्या बोटांत माळेचा मणी अडकून राहिला. शब्द दिला होता, म्हणून बसून राहिले.

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या लेकाकडे. "माझी खोडच आहे ही," ते म्हणाले. "घरीसुद्धा याला एक स्क्रू फिरवू देत नाही मी." कप्तानाचे कान लाल झाले. पाना ठमीच्या हातात आला. काका माझ्या शेजारी स्टूल ओढून, हात काखेत दाबून बसले. थोड्या वेळाने कुजबुजले, "काय कठीण असतं हो, नुसतं बसणं."

"रोज थोडं थोडं जमतं," मी म्हटलं.

ठमीने सगळं खोललं. मग तिने त्यांना एकेक विचारलं आणि त्यांनी हात न काढता, तोंडानेच उत्तरं दिली.

शनिवारी तिने आपला सांधा बसवला. चेंडू निसटला. तिने आवळलं. पुन्हा निसटला. पुढच्या खेपेला हात थरथरत, एका अंगाला झुकून वर गेला आणि चेंडू टोपलीत पडला. त्यानंतरचा मात्र परत खाली आला.

त्या जागेची वाट बघणाऱ्या दुसऱ्या मुलाने आशेने कप्तानाकडे पाहिलं. कप्तान ठमीशेजारी गुडघे टेकून बसला आणि त्याने सांध्यावरची पट्टी दोन्ही हातांनी धरली.

"मी धरतो, तू आवळ," तो म्हणाला. "स्पर्धेपर्यंत वेळ आहे आपल्याला."

"जरा डावीकडे धर," ठमी म्हणाली. "अजून."